प्रोटीन जास्त केलं आणि मायक्रोट्यूब्यूलची बंडलं दिसली, म्हणजे ते सांगाडा ऑर्गनाइझ करतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएस्सीच्या प्रोजेक्टला गाइडने एक प्रोटीन दिलंय, त्याला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडून तुम्ही ते हेला सेल्समध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी कॅन्सर पेशी) घातलं, दोन दिवसांनी बघितलं तर मायक्रोट्यूब्यूलची, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्यांची, जाड जाड बंडलं, आणि गाइड म्हणतायत की हे प्रोटीन सायटोस्केलेटन, म्हणजे पेशीचा आतला सांगाडा, ऑर्गनाइझ करतं असं लिहून टाका. तुमची शंका अशी की या नळ्या ज्याच्या बनतात ते ट्यूब्युलिन तर टेस्ट ट्यूबमध्ये जीटीपी घालून ३७ डिग्रीला ठेवलं की आपलं आपण नळ्या बनवतं, अ‍ॅक्टिनही एटीपी आणि मीठ मिळालं की आपोआप धागे बनवतं, मग पेशीला वर आणखी शेकडो प्रोटीन्स लागतातच कशाला आणि त्यातलं एखादं ऑर्गनाइझ करतं म्हणजे नेमकं करतं काय.

शंका अगदी योग्य जागी आहे. मी राहते ठाण्यात, लॅब खारघरला, काम कॅन्सर सेल्सच्या सायटोस्केलेटनवरच, आणि असा बंडलवाला फोटो घेऊन नवीन स्टुडंट कायम येतात म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न अडकलेत. धागा बनतो कसा हा एक, आणि बनलेले धागे योग्य जागी, योग्य दिशेने, योग्य वेळेपुरते कसे राहतात हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बरंचसं ट्यूब्युलिन आणि अ‍ॅक्टिनमध्येच आहे, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे ती बाकीची शेकडो प्रोटीन्स. आणि पुढची गंमत अशी की मांडणीचा फोटो एकसारखा दिसला तरी तो घडण्याची कारणं चार वेगवेगळी असू शकतात, तुमचा प्रोजेक्ट नेमका तिथे अडकलाय.

आधी त्या 'आपोआप'बद्दल. १९७२ मध्ये रिचर्ड वायझेनबर्गने उंदराच्या मेंदूच्या अर्कातून टेस्ट ट्यूबमध्ये मायक्रोट्यूब्यूल बनवून दाखवले, कॅल्शियम बांधून ठेवलं की जमतं हे त्याला कळलं. पण त्या अर्कात ट्यूब्युलिन एकटं नव्हतं, मेंदूतली बाकीची प्रोटीन्स सोबत होती. पुढे मार्क कर्शनरच्या लॅबने १९७५ मध्ये ती सोबतची प्रोटीन्स कॉलमवर वेगळी काढली तर उरलेलं ट्यूब्युलिन त्याच कन्सन्ट्रेशनला नळ्या करेना, आणि काढलेला भाग परत घातला की करायला लागलं. तो भाग म्हणजे टाऊ, अल्झायमरमुळे आज सगळ्यांना माहीत असलेलं. म्हणजे शुद्ध ट्यूब्युलिन आपोआप जुळतं हे खरं, पण त्यासाठी ते बरंच दाट लागतं, आणि जुळतं तेव्हा कुठेही सुरू होतं, कितीही लांब होतं. नळीच्या भिंतीत पेशीत बहुतेक ठिकाणी १३ प्रोटोफिलामेंट, म्हणजे उभ्या पट्ट्या, असतात, टेस्ट ट्यूबमध्ये १२, १४, १५ अशा सगळ्या येतात. पेशीत १३ च का, तर सुरुवात गॅमा ट्यूब्युलिनच्या रिंगवरून होते आणि ती रिंगच मापाची असते. सुरू कुठे करायचं हा निर्णय एका वेगळ्या प्रोटीनकडे गेला की तीन गोष्टी एकदम ठरतात, जागा, माप आणि दिशा, कारण मायनस टोक त्या रिंगला आणि प्लस टोक (भराभर वाढणारं) बाहेर.

अ‍ॅक्टिनमध्ये हेच जास्त स्वच्छ दिसतं. दोन-तीन अ‍ॅक्टिन एकत्र आले तरी लगेच सुटतात, त्यामुळे नवा धागा सुरू होणं अवघड, सुरू झाला की वाढणं सोपं. पेशीत सुटं अ‍ॅक्टिन इतकं असतं की हिशोबाने सगळंच्या सगळं धाग्यांत जायला हवं, पण थायमोसिन बीटा-४ आणि प्रोफिलिन ते धरून ठेवतात, आणि प्रोफिलिनने धरलेलं अ‍ॅक्टिन फक्त बार्ब्ड, म्हणजे भराभर वाढणाऱ्या, टोकावरच चढतं, नवा धागा सुरू करत नाही. म्हणजे माल तयार आहे पण सुरू कर असं कोणीतरी सांगितल्याशिवाय काही होत नाही. सांगणारे मुख्य दोन प्रकारचे. आर्प२/३ कॉम्प्लेक्स जुन्या धाग्याच्या अंगावर बसून साधारण ७० अंशात नवी फांदी काढतं, त्यातून पेशीच्या कडेला पसरट जाळी होते. फॉर्मिन टोकावर बसून राहतं आणि धागा सरळ लांबवत नेतं, फांदी नाही. अ‍ॅक्टिन तेच, एटीपी तेच, सुरू करणारा बदलला की एकीकडे जाळी आणि दुसरीकडे सरळ धागे. आणि आर्प२/३ ला कुठे जागं करायचं हे वेव्ह, वास्प ही प्रोटीन्स ठरवतात, त्यांना रॅक आणि सीडीसी४२ ही स्विचसारखी प्रोटीन्स सांगतात. १९९२ मध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी दाखवलं की फायब्रोब्लास्टमध्ये रो (रॅकच्याच घरातलं) चालू केलं की स्ट्रेस फायबर, म्हणजे ताणलेली जाड बंडलं, येतात आणि रॅक चालू केलं की कडेला पडदे फडफडायला लागतात. पूर्ण पेशीचा आकार एका स्विचवर बदलतो, आणि त्या स्विचने स्वतः एकही धागा बनवलेला नसतो.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि पुस्तकातल्या चित्रांमुळे नेमका हाच सुटतो. ही रचना स्थिर नसते. ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी शेअर रिक्षाची रांग बघा, सात वाजता आणि साडेसातला रांग तेवढीच लांब दिसते पण त्यातला माणूस एकही तोच नसतो, मागून येतात पुढून जातात. लॅमेलिपोडियमची, म्हणजे पेशीच्या त्या पसरट कडेची, अ‍ॅक्टिनची जाळी अशीच, मिनिटभराच्या आसपास पूर्ण माल बदललेला असतो. त्यामुळे रांग लांबली याची कारणं दोन असू शकतात, येणारे वाढले किंवा जाणारे अडले, आणि एका फोटोवरून ते सांगता येत नाही. पेशीत जाणाऱ्यांचं काम कोफिलिन करतं, एडीपीवाल्या जुन्या भागाला तोडून. नवीन टोकांची वाढ कॅपिंग प्रोटीन थांबवतं. कोफिलिन कमी केलं तरी एफ-अ‍ॅक्टिन जास्त दिसतं आणि फॉर्मिन वाढवलं तरी जास्त दिसतं, धागे रंगवणाऱ्या फॅलॉइडिनचा फोटो दोन्हीकडे जवळपास सारखाच हिरवागार.

आणि कमीत कमी किती प्रोटीन्स पुरतात याचंही उत्तर आहे. लिस्टेरिया नावाचा जीवाणू पेशीत शिरून अ‍ॅक्टिनच्या शेपटीवर पुढे सरकतो. मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने १९९९ मध्ये ते सरकणं शुद्ध प्रोटीन्सनी टेस्ट ट्यूबमध्ये करून दाखवलं. अ‍ॅक्टिन, चालू केलेलं आर्प२/३, एडीएफ म्हणजे कोफिलिनच्या घरातलं, आणि कॅपिंग प्रोटीन, इतकं असलं की हालचाल सुरू. प्रोफिलिन, अल्फा-अ‍ॅक्टिनिन, व्हास्प (वरच्या वास्पपेक्षा हे वेगळं) घातलं की आणखी नीट. या यादीत मोटर, म्हणजे धाग्यांवर चालत ओढणारं प्रोटीन, नाहीये. सुरू करणारा, थांबवणारा, तोडणारा एवढ्यांवर ढकलण्याचं काम होतं. मला हा एक्सपेरिमेंट या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो, आणि तुमचा 'कशाला एवढी' हा प्रश्न जर परीक्षेत आला तर इथूनच उत्तर सुरू करा.

मायक्रोट्यूब्यूलकडे परत. १९८४ मध्ये टिम मिचिसन आणि कर्शनर यांनी डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी दाखवली, म्हणजे त्याच डिशमध्ये काही नळ्या वाढतायत आणि काही झरझर कोसळतायत. टोकाशी जीटीपीवालं ट्यूब्युलिन आहे तोपर्यंत नळी धरून राहते, ते गेलं की आतलं जीडीपीवालं बाहेर वाकून सुटायला लागतं. हा गुण ट्यूब्युलिनचा स्वतःचा. पण पेशीतला वेग त्याचा स्वतःचा नाही. शुद्ध ट्यूब्युलिन मिनिटाला साधारण एक-दोन मायक्रोमीटर वाढतं, पेशीत तेच दहाच्या वर जातं, कारण एक्समॅप२१५ सारखी प्रोटीन्स टोकावर ट्यूब्युलिनच्या जोड्या (डायमर) पोचवत राहतात, आणि उलट बाजूने एमकॅक, म्हणजे कायनेसिन-१३, टोकं सोडवत राहतं. ईबी१ वाढत्या टोकावर बसतं आणि बाकीच्यांना तिथे बोलावतं. कॅटॅनिन आणि स्पास्टिन मधूनच कापतात, स्पास्टिनच्या जीनमध्ये बिघाड झाला की पायांचे स्नायू ताठरण्याचा आनुवंशिक आजार होतो, चेतापेशींच्या लांबलचक अ‍ॅक्सॉनना त्याचा फटका बसतो. कापणारं प्रोटीन कमी पडलं म्हणून आजार, हे ऐकायला विचित्र वाटतं पण पेशीत मोडणं हे बनवण्याइतकंच कामाचं आहे.

मग बांधणारे. इथे अंतर हा शब्द लक्षात ठेवा. फॅसिन अ‍ॅक्टिनचे धागे एकदम चिकटून बांधतं, मधे मायोसिन या मोटरला शिरायला जागाच नाही. अल्फा-अ‍ॅक्टिनिन सैल बांधतं, सुमारे ३५ नॅनोमीटरवर, तिथे मायोसिन शिरतं आणि बंडल आखडू शकतं. म्हणून फिलोपोडिया (पेशीच्या कडेची बारीक बोटं) फॅसिनचे आणि स्ट्रेस फायबर अल्फा-अ‍ॅक्टिनिनचे. मायक्रोट्यूब्यूलमध्ये १९९२ ला हिरोकावा यांच्या गटाने कीटकाच्या सेल्समध्ये एकदा टाऊ आणि एकदा मॅप२ (टाऊसारखंच एक) घालून मोजलं, टाऊने नळ्या २० नॅनोमीटरच्या आसपास आणि मॅप२ ने ६५ च्या आसपास लांब ठेवल्या, आणि अ‍ॅक्सॉन-डेंड्राइटमधली अंतरं त्याला जुळतात. हा जास्त प्रोटीन घालूनच केलेला एक्सपेरिमेंट आहे बरं का. म्हणजे तुमची पद्धत मुळात चुकीची नाही, फक्त तिला विचारलेला प्रश्न नेमका हवा. त्यांनी 'बंडल होतं का' वर न थांबता दोन प्रोटीन्सची बंडलं शेजारी ठेवून अंतर मोजलं.

मोटर्स तर नुसतं ओढून मांडणी करतात. नेडेलेक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कायनेसिन या मोटरचे गठ्ठे करून मायक्रोट्यूब्यूलसोबत ठेवले, दुसरं काही नाही, तर आपोआप तारे आणि भोवरे तयार झाले, आणि मोटरचं प्रमाण बदललं की आकृती बदलली. आपल्याकडे टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटाने दाखवलंय की एकटं डायनीन (दुसरी एक मोटर) दुबळं असलं तरी बरीच डायनीन मिळून ताकद लावतात तेव्हा ते कायनेसिनपेक्षा चांगलं जमवून घेतात. कोलाब्यात झालेलं काम आहे, प्रोजेक्टच्या इंट्रोडक्शनसाठी तरी नक्की वाचा.

इंटरमीडिएट फिलामेंट मी इथे सोडून देते, तुमच्या प्रश्नाला लागत नाहीत. एवढंच की त्यांना दिशा नसते आणि जीटीपी-एटीपी लागत नाही, त्यामुळे वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लावू नका.

आता तुमची बंडलं. ती येऊ शकतात अशी: प्रोटीनने शेजारच्या नळ्या खरंच एकमेकींना बांधल्या. किंवा बांधलं काहीच नाही, नुसतं टिकवलं, नळ्या कोसळणं थांबलं आणि जागा कमी म्हणून एकमेकींना लागून गोळा झाल्या, पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध जास्त डोसला देऊन बघा, हुबेहूब हाच फोटो येतो आणि ते एवढंसं औषध आहे, ते दोन नळ्यांना पकडूच शकत नाही, नळीच्या आतल्या बाजूला बसतं. किंवा भलत्या जागांवरून नवीन नळ्या सुरू झाल्या. किंवा मोटरच्या कामात अडथळा आला आणि नळ्या एका बाजूला ढकलल्या गेल्या. आणि या सगळ्यांच्या आधीची शक्यता म्हणजे प्रोटीन इतकं जास्त झालंय की मायक्रोट्यूब्यूलला जरासं चिकटणारं कुठलंही प्रोटीन असतं तरी हेच झालं असतं. ईबी१ सुद्धा खूप वाढवलं तर अख्ख्या नळीवर पसरतं आणि बंडल दिसतात, एरवी ते फक्त टोकावर असतं.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या त्याच स्लाइडवर कमी चमकणारे सेल्स शोधा. आपण सगळे नकळत सगळ्यात हिरव्या सेलचा फोटो काढतो, तिथे प्रोटीन प्रचंड असतं. अंधुक सेलमध्ये ते कुठे बसतंय, पूर्ण नळीवर, टोकावर, सेंट्रोसोमवर (नळ्या जिथून निघतात ते केंद्र), का नळीवर नाहीच? हे उत्तर बंडलपेक्षा मोलाचं आहे आणि त्याला एक रुपया खर्च नाही. मूळ प्रोटीनची चांगली अँटीबॉडी मिळाली तर फारच छान.

मग बर्फाचा एक्सपेरिमेंट करा. डिश अर्धा-एक तास बर्फावर, थंडीत मायक्रोट्यूब्यूल सुटतात, मग ३७ डिग्रीचं मीडियम घालून ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं अशा वेळांना फिक्स. कंट्रोल सेल्समध्ये पहिल्या वेळेला सेंट्रोसोमवरून छोटे तारे निघताना दिसतात. तुमच्या प्रोटीनवाल्या सेल्समध्ये बर्फावरही बंडलं तशीच राहिली तर ते टिकवतंय. बर्फात सगळं सुटलं पण गरम केल्यावर तारे भलतीकडे किंवा जास्त संख्येने आले तर सुरुवातीच्या टप्प्यात हात आहे. तारे नेहमीसारखे आले आणि बंडलं नंतर सावकाश झाली तर बांधणं किंवा मोटर. थंडीला न जुमानणाऱ्या थोड्या नळ्या कंट्रोलमध्येही उरतात, तेव्हा सोबत मायक्रोट्यूब्यूल सोडवणाऱ्या नोकोडॅझोल या औषधाने एक सेट करा. पावसाळ्यात येऊरच्या रानात कळलावी फुलते ना, तिच्यातलं कोल्चिसिनही ट्यूब्युलिनलाच धरतं, १९६० च्या दशकात बोरिसी आणि टेलर यांनी ट्यूब्युलिन शोधलं ते त्याच्याच मागावर. पण ते धुवून सहज निघत नाही म्हणून रिकव्हरी बघायला नोकोडॅझोल बरं.

या बर्फाच्या गोष्टीचा उलटा परिणामही सांभाळा. फिक्स करण्याआधी फ्रिजमधलं थंड पीबीएस (धुण्याचं मिठाचं द्रावण) घालून धुतलंत तर धुतानाच मायक्रोट्यूब्यूल जायला सुरुवात होते आणि तुम्ही त्याला प्रोटीनचा परिणाम समजाल. पीबीएस, फिक्सेटिव्ह सगळं ३७ ला गरम. मायक्रोट्यूब्यूलच्या टोकांसाठी उणे २० चं मेथॅनॉल उत्तम, पण त्याच डिशवर फॅलॉइडिन लागणार नाही, अ‍ॅक्टिन हवं तर पॅराफॉर्मल्डिहाइड, डिश वेगळी. आणि अ‍ॅसिटिलेटेड ट्यूब्युलिन वाढलं म्हणून प्रोटीन टिकवतं असा निष्कर्ष एकट्या त्याच्यावर काढू नका. नळी कशानेही जास्त वेळ जगली की अ‍ॅसिटिलेशन वाढतं.

लाइव्ह इमेजिंगची सोय असेल, तुमच्या कॉलेजात नसली तरी गाइडच्या ओळखीने कुठेतरी एक दिवस मिळू शकतो, तर लाल रंगाचं ईबी३ (ईबी१ चं भावंड) घालून बंडलमधले कॉमेट, म्हणजे वाढत्या टोकांवरचे पळते ठिपके, बघा. सगळे एकाच दिशेला पळतायत तर बंडल समांतर, दोन्हीकडे पळतायत तर उलटसुलट मिसळलेलं. पीआरसी१ सारखी प्रोटीन्स उलट दिशांच्याच नळ्या निवडून बांधतात, फॅसिनसारखं अ‍ॅक्टिनवर काम करणारं एकाच दिशेच्या बांधतं, त्यामुळे दिशा कळली की यादी लगेच लहान होते. कॉमेट दिसतच नसतील तर वाढच थांबलीय, पुन्हा टिकवण्याकडे बोट.

शेवटी थेट चिकटतं का हे शुद्ध प्रोटीननेच कळेल. आपल्याकडे बऱ्याच लॅब बकऱ्याच्या ताज्या मेंदूतून ट्यूब्युलिन काढतात, गरम करून जुळवायचं, थंड करून सोडवायचं, दरवेळी सेंट्रिफ्यूज. असं ट्यूब्युलिन कोणाकडे मिळालं तर पॅक्लिटॅक्सेलने टिकवलेल्या नळ्यांसोबत तुमचं प्रोटीन खाली बसतं का बघा. पण ट्यूब्युलिनच्या शेपट्यांवर भरपूर निगेटिव्ह चार्ज असतो, पॉझिटिव्ह चार्जचं काहीही तिथे चिकटतं, म्हणून मीठ वाढवूनही चिकटून राहतं का ते तपासा.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. सेल्स दाट असतील तर पसरत नाहीत आणि सगळंच बंडलसारखं दिसतं, तेव्हा दोन्ही डिश सारख्याच विरळ ठेवा. काचेवर स्ट्रेस फायबर भरपूर येतात, मऊ जेलवर तेवढे नाही. मायटॉसिसमधल्या सेल्स वेगळ्या मोजा, तिथे नळ्यांचं आयुष्य फारच कमी असतं आणि मोटर्सचं काम जास्त. प्रोटीन कमी करून, म्हणजे एसआयआरएनए देऊन, काहीच बदल दिसला नाही तर ते बिनकामाचं ठरत नाही, त्याच कामाचं दुसरं प्रोटीन बऱ्याचदा हजर असतं. बदल दिसला तर एसआयआरएनएला न सापडणारी आवृत्ती परत घालून बदल जातो का ते बघायलाच हवं. ज्या हेलामध्ये केलंय त्याशिवाय एक तरी वेगळी सेल लाइन घ्या, एपिथेलियल सेल्समध्ये बऱ्याच नळ्या सेंट्रोसोमला बांधलेल्याच नसतात, मायनस टोकं कॅम्सॅप धरतं, आणि तिथे चित्र पूर्ण बदलू शकतं.

गाइडना काय सांगायचं? भांडायची गरज नाही. आत्ता हातात जे आहे त्यावर 'हे प्रोटीन जास्त प्रमाणात असताना मायक्रोट्यूब्यूलची बंडलं दिसतात' एवढं वाक्य पूर्ण खरं आहे आणि थीसिसमध्ये चालतं. ऑर्गनाइझ करतं हे लिहायचं तर कुठला टप्पा ते लिहावं लागेल, सुरुवात, वाढ, टिकणं, तुटणं, बांधणं का ओढणं. सबमिशनला थोडाच वेळ असेल तर अंधुक सेल्सची मोजणी आणि बर्फाचा एक्सपेरिमेंट एवढे दोनच करा, दोन्ही नेहमीच्या फ्लुरोसन्स माइक्रोस्कोपवर होतात. फोटो काढताना कंट्रोल आणि तुमच्या डिशचं एक्सपोजर तेच ठेवा, सेल्स निवडताना ट्यूब्युलिनचा चॅनल बंद ठेवून फक्त जीएफपी बघून निवडा, आणि ३० सेकंदांच्या वेळेला प्रत्येक सेलमध्ये तारे किती आणि सेंट्रोसोमपासून किती लांब ते लिहून ठेवा. ते आकडे आले की इथे सांगा, पुढे कॉमेट बघायचे का बांधणं तपासायचं ते त्यावरून ठरवता येईल.